बदकांचा पाव

२ मार्च

ताई,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण तू तिकडे बसून फिदीफिदी हसशील म्हणून खोडलं. तू बरी असशील, हॉस्पिटलच्या ड्युट्या नेहमीसारख्या उलट्यासुलट्या असतील आणि जेवण उभ्याउभ्याच उरकत असशील असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक. मी ठीक, ही ठीक, चिमणी वर्गात सगळ्यांशी भांडते म्हणजे तीही ठणठणीत. आप्पाही बरे आहेत.

आप्पांचं नाव आलं म्हणून कागद बाजूला ठेवू नकोस. फोनवर मी त्यांचा विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून तर पत्र लिहायला बसलो. पत्र मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच, आणि तू तर नक्कीच वाचशील. तुझं आणि त्यांचं जे झालं ते मी उकरून काढत नाहीये. मला सांगायचंय ते तळ्याबद्दल.

आपलं तळं तू आता ओळखणार नाहीस. ज्या पायऱ्यांवरून तू मला पाठीत धपका घालून पाण्यात ढकललं होतंस आणि 'हात मार, नाहीतर बुड' एवढ्या दोन वाक्यांत पोहणं शिकवलं होतंस, तिथे आता हिरवी साय धरते. खरंच साय. काठीने ओढली तर तिला घडी पडते. वास असा की काठावरच्या घरांनी तळ्याकडच्या खिडक्या कायमच्या लावून घेतल्यात. मध्यंतरी मासे उलटे होऊन वर आले, तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एक समिती काढली. कागदावर तिचं नाव बरंच लांबलचक आहे, गावात मात्र आम्हाला 'तळ्याचे वेडे' म्हणतात. हो, आम्हाला. मीही आहे त्यात.

बाजारामागचा नाला थेट तळ्यात पडायचा, आठवतंय? तो वळवायला आम्ही नगरपालिकेचे जिने झिजवले. अर्ज दिले, अर्ज हरवले, पुन्हा दिले. विज्ञानबाई एकदा घाण पाण्याची बाटली घेऊन सरळ अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून आल्या आणि म्हणाल्या, 'झाकण उघडू, की काम करताय?' शेवटी नाला वळला. आम्ही केक कापला. केक अर्थातच आपल्या बेकरीचा.

आणि तळं हिरवं ते हिरवंच.

मग पाणीखात्याचे साहेब आले, बाटल्या भरून घेऊन गेले आणि महिन्याने येऊन म्हणाले, नाल्याचं थांबलंय, पण पायऱ्यांकडच्या कोपऱ्यात तळ उथळ आहे, तिथे अन्न सडतंय. पाव. ढिगाने पाव. आणि त्या पावासाठी जमणाऱ्या बदकांची घाण. शेवाळाला आणखी काय हवं?

ताई, तो पाव कुठून येतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू होतीस तेव्हा आप्पा उरलेल्या पावाच्या दहाबारा पिशव्या दुकानाच्या दारातल्या टोपलीत ठेवायचे, ज्याला हवी त्याने फुकट न्यावी. आई गेल्यापासून त्या पिशव्या वाढत गेल्या. आता उरतो म्हणून नाही, बदकांना लागतो म्हणून जास्तीचा भाजतात आणि शिळा झाला की टोपलीत ठेवतात. संध्याकाळी अख्खं गाव टोपलीतून एकेक पिशवी उचलतं, तळ्यावर जातं, पाव टाकतं आणि काहीतरी चांगलं केल्याच्या थाटात घरी जातं. बदकं तर अशी माजलीत की चालताना डुलत नाहीत, लोळतात. पाव तोंडासमोर पडला तरच खातात, हातभर लांब पडला तर बघतसुद्धा नाहीत. तो तळाशी जातो.

साहेबांनी साफ सांगितलंय, सप्टेंबरात पुन्हा तपासणी. पाणी सुधारलं नाही तर तळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. नाव बंद, फिरणं बंद, पायऱ्या बंद. नाववाले काका त्या दिवसापासून भेटेल त्याला विचारतायत, 'मी काय आता डांबरावर वल्हवू?'

आम्ही पाटी लावली. 'बदकांना पाव घालू नका.' दुसऱ्या दिवसापासून लोक बिस्किटं घालायला लागले. एक आजी तर केक घेऊन आल्या. म्हटलं, आजी, पाटी वाचलीत का? म्हणाल्या, 'वाचली की. म्हणून तर केक आणला.' आता ह्याच्यावर बोलायचं काय?

आप्पांनीही पाटी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि दुकानात येऊन टोपली नेहमीच्या जागी ठेवली.

बाकी ते बरे आहेत.

तुझा, ज्याला तू बुडवायला निघाली होतीस तो,
धाकटा


१९ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहितोय. मला सध्या कुणाशी तरी बोलायचंय, आणि घरात बोलायची सोय उरलेली नाही. का ते सांगतो.

आपल्या वडिलांनी काय केलं असेल ओळख पाहू. नाही जमायचं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणारच नाही, त्याला बेकरीवालाच लागतो. पाटीवर लिहिलं होतं 'पाव', पण आप्पांनी वाचलं 'शिळा पाव'. आपल्या हातच्या पावाने पाणी नासतं हे त्यांना पटेलच कसं? नासलं असेल तर शिळ्याने नासलं असेल. त्यांचा हिशोब असा, लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही, आपणच बदकांना उरलंसुरलं घालत होतो, चूक झाली. आणि ती चूक सुधारायला ह्या माणसाने बदकांसाठी ताजा पाव भाजायला घेतला.

अगदी खास, बरं का. मीठ कमी, लोणी जरा सढळ, आणि चारी कडा कापलेल्या. मी विचारलं, कडा कशाला कापता? तर म्हणाले, 'त्यांना दात नसतात.' सकाळची पहिली भट्टी बदकांची, गिऱ्हाइकं दुसऱ्या भट्टीवर. गरम पावाचा वास तळ्यापर्यंत जायला लागला. दोनतीन गिऱ्हाइकं तर म्हणाली, आम्हालाही बदकांचाच द्या. मी हसू का रडू? लोणी पाण्यावर तरंगतं, ताई. सायीवर आता तवंग आलाय.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. समितीचा ठराव होता की बेकरीने टोपली बंद करावी. विज्ञानबाईंनी फळ्यावर चित्रं काढून सगळं समजावलं. पाव सडतो कसा, शेवाळ वाढतं कसं, पाण्यातली हवा संपते कशी. लोक ऐकत होते. तेवढ्यात आप्पा उठले. तुला त्यांचं उठणं माहीत आहे, घाई नाही, आधी खुर्ची सारखी करणार. म्हणाले, 'मी आयुष्यभर घालतोय. त्याने मेलेलं एक बदक मला दाखवा.' आणि बसले. टाळ्यांनी हॉल दणाणला. बाई बिचाऱ्या हातात खडू घेऊन तशाच उभ्या.

मतं हात वर करून घेतली. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला. मला आपलं वाटलं, एवढ्या गर्दीत कोण बघतंय. अख्खा हॉल माझ्याकडेच बघत होता, आप्पासुद्धा.

ठराव पडला. सपशेल. गावाला आमचं खरं वाटत नाही असं नाही, पण आप्पांनी ज्यांना लहानपणी खारी चाखायला दिली ती माणसं आप्पांच्या विरुद्ध हात वर करतील का? ते थांबले तरच गाव थांबेल. आणि त्यांचा सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

घरी आल्यावर आमचं वाजलं. ते म्हणाले, 'चारचौघांत बापाला तोंडघशी पाडलंस.' मी म्हणालो, चारचौघांनी तुम्हालाच टाळ्या दिल्या, तोंडघशी मी पडलो. इथवर ठीक होतं. ह्याच्यापुढे मी एक वाक्य बोललो. ते काही मी तुला लिहीत नाही.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. एकाच भट्टीपुढे दोघं काम करतो. ते हिला म्हणतात, 'त्याला सांग, मैदा संपत आलाय.' मी तिथेच, त्यांच्या कोपराला कोपर लावून, तोच मैदा मळतोय. मी हिला म्हणतो, त्यांना सांग, मला दिसतंय. ही काल कडाडली, 'मी काय टपालखातं उघडलंय? एक घर सांभाळा आधी, मग तळं सांभाळा.' चिमणीने तिची बाजू घेतली. म्हणजे घरात आता तीन पक्ष आहेत.

मलाही राग आला होता, म्हणून मी एक उद्योग केला. दुकानातल्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या घेतल्या, बिस्किटांच्या. दोन्हींत तळ्याचं पाणी भरलं, नाववाल्या काकांनी मधून, खोलातून आणून दिलं होतं, त्यातल्या त्यात स्वच्छ. एका बरणीत नुसतं पाणी. दुसरीत त्याच पाण्यात आपल्या पावाच्या दोन चकत्या, ताज्या, कडा कापलेल्या. दोन्ही बरण्या दर्शनी कपाटात, रस्त्यावरून दिसतील अशा ठेवल्या. आप्पांचाच पाव, आप्पांच्याच दुकानात, आप्पांच्याच नाकासमोर. हात दाखवून अवलक्षण म्हण हवं तर. पहिल्याच दिवशी एक बाई आत येऊन विचारते, 'हे नवीन काय काढलंय? केवढ्याला?'

आप्पांनी बरण्या बघितल्या. काढून टाकल्या नाहीत. मी वाट बघत होतो की काढतील, म्हणजे पुन्हा भांडता येईल. नाही काढल्या.

मला काही हे बरं वाटत नाहीये, ताई. पण आता मागे कसं फिरायचं तेही कळत नाही.

धाकटा


११ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड, आणि त्यावर एकच ओळ, 'बरण्यांचं काय झालं?' मी ते हिला दाखवलं, चिमणीला दाखवलं, आणि मग गल्ल्यामागच्या भिंतीला चिकटवलं. इतक्या वर्षांत ह्या दुकानाबद्दल तू काही विचारलंस हे पहिल्यांदाच. तेव्हा सगळं सांगतो, न सांगितलेलंही सांगतो.

नुसत्या पाण्याच्या बरणीत गाळ खाली बसला आणि पाणी निवळलं. पावाच्या बरणीतलं आधी दुधाळ झालं, मग वर पांढरी बुरशी चढली, मग बुडबुडे, आणि मग ज्याला रंग म्हणावा की नाही असा एक रंग. लोक पाव घ्यायला यायचे आणि आधी बरणी बघायचे. मुलं शाळेतून येताना काचेला नाक लावून उभी राहायची. विज्ञानबाई म्हणाल्या, मी वर्षभर फळ्यावर काढलं ते तुमच्या कपाटाने आठवड्यात शिकवलं. आप्पा मात्र तिकडे बघायचेच नाहीत. दुकानात शिरताना मान रस्त्याकडे.

दुपारी आपण दुकान घटकाभर लावतो ना, अशाच एका दुपारी मी मागे ट्रे घासत होतो. पुढे काच वाजली म्हणून बघितलं तर आप्पांच्या हातात ती बरणी. त्यांनी झाकण उघडलं आणि नाक नेलं. त्यांचं नाक तुला माहीतच आहे, पीठ किती चढलंय ते परातीशी न जाता सांगतात. मला वाटलं, आता नाक मुरडून झाकण लावतील. पण नाही. पुन्हा वास घेतला. मग मैद्याच्या पोत्यावर बसले आणि कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याशी बोलले. म्हणाले, 'हे आंबलं नाही रे. आंबलेलं मला कळतं. हे मेलंय.'

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, 'म्हणजे ती बरोबर बोलली होती.'

मी विचारलं, कोण, विज्ञानबाई? कोण ते मला पक्कं माहीत होतं, तरी विचारलं. ते म्हणाले, 'नाही.'

आता ते वाक्य लिहायलाच हवं. सभेनंतर मी आप्पांना म्हणालो होतो, 'आईलासुद्धा तुम्ही असंच खाऊ घालून मारलंत.'

वाक्य तुझं. आई गेली त्या दिवशी तू दारात उभी राहून ते बोललीस, बॅग उचललीस आणि गेलीस, ती परत आली नाहीस. इतकी वर्षं हे वाक्य ह्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, आणि मी ते काढलं कशासाठी, तर बदकांच्या भांडणात वरचढ ठरायला. तू बोललीस तेव्हा आई समोर पडली होती. मला फक्त जिंकायचं होतं. लाज वाटते, ताई.

पोत्यावर बसून आप्पा म्हणाले, 'ती मागायची रे. तुझी आई. दुपारी तुम्ही कुणी आसपास नसलात की हळूच म्हणायची, एवढासा तुकडा द्या हो केकचा. डॉक्टर नको म्हणाले होते, साखर हाताबाहेर गेली होती, मला काय कळत नव्हतं? ताई रोज फोन करून बजावायची. पण ही मागायची आणि मला नाही म्हणता यायचं नाही. खाताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, चला, आज आपण हिच्यासाठी काहीतरी केलं.'

मी म्हणालो, मग हे ताईला का नाही सांगितलंत? ती तुम्हाला एवढं बोलून गेली, तुम्ही गप्प राहिलात.

तर म्हणाले, 'काय सांगू? तुझी आई चोरून खायची असं? गेलेल्या बाईची चहाडी करू?'

ताई, मी तुझी बाजू सोडलेली नाही. तेवढी साखर असताना केक देणं चूकच होतं, आणि त्याने शरीराचं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. आप्पाही आता तसंच म्हणतात. पण त्यांनी तिच्या ताटात बळेच काही वाढलं नव्हतं, आणि स्वतःला सोडवायला तिचं नाव पुढे केलं नाही. एवढं तुला कळायला हवं असं मला वाटलं, म्हणून लिहिलं. त्यांना विचारून लिहिलेलं नाही. रागावतील तर रागावू देत, अबोल्याची मला आता सवय आहे.

आता पुढचं ऐक. त्या संध्याकाळी आप्पांनी टोपली बाहेर ठेवली नाही. बरणी काखेत मारली आणि तळ्यावर निघाले. मी मागोमाग. पायऱ्यांवर नेहमीची गर्दी होती, टोपली दिसली नाही म्हणून लोक घरून बिस्किटं, पोळ्या, काय काय घेऊन आले होते. आप्पा वरच्या पायरीवर उभे राहिले आणि झाकण उघडून म्हणाले, 'एकेकाने या आणि वास घ्या.' लोकांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. केकवाल्या आजी पुढे झाल्या, वाकल्या, आणि पदर नाकाला लावून अशा मागे सरल्या की पाठीमागच्या दोघांना धरावं लागलं. मग बाकीचेही आले. आप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, 'हा माझा पाव आहे. शिळा नाही, ताजा होता.'

मग बोलले. मला जसं आठवतंय तसं लिहितो. 'मला खाऊ घालायला आवडतं. घातलं की मला बरं वाटतं. पण खाणाऱ्याला बरं वाटतंय का, हे बघायचं माझ्याकडून राहून जातं. माझ्या मुलीने मला हे तोंडावर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि ती गेली. आता तळंही जाईल. टोपली आजपासून बंद. तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा.'

अख्ख्या गावासमोर, ताई. आपले आप्पा. ज्यांनी आजवर दुकानाची वजनंसुद्धा चुकली असं कधी मान्य केलं नाही, ते. नाववाले काका टोपी काढून उभे होते. मी तळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

आणि मग बदकं आली. आप्पांना बघून सगळा लवाजमा पायऱ्या चढून वर. आप्पांनी दोन्ही हात पुढे करून रिकामे तळवे दाखवले. बदकांनी बघितलं. एकाने त्यांच्या चपलेला चोच मारून पाहिली, आणि पुढच्या मिनिटाला सगळी शेपट्या हलवत पलीकडे, बिस्किटाचा पुडा हातात असलेल्या एका मुलीच्या मागे. आप्पा बघतच राहिले. म्हणाले, 'लबाड आहेत सगळी. मला इतकी वर्षं वाटत होतं, मला ओळखतात.' आधी आजी हसल्या, मग सगळे, आणि शेवटी आप्पा. पोट धरून हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या मुलीने पुडा स्वतःच खाऊन टाकला. शहाणी पोर.

धाकटा


२८ सप्टेंबर

ताई,

साहेबांचं पत्र आलं. आधी तेच सांगतो, नाहीतर तू शेवटून वाचायला लागशील. कुंपण नाही. प्रस्ताव मागे घेतलाय. पाण्यात सुधारणा आहे असं लिहिलंय, आणि सरकारी कागदावर 'समाधानकारक' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याबद्दल वाचला. पोहायला अजून परवानगी नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बघतील. पायऱ्यांकडची साय गेली नाही, पण मागे सरकलीय, तिला भोकं पडलीयत. सकाळी ऊन तिरपं असलं की पाण्याखालची तिसरी पायरी दिसते. नाववाले काका रोज कुणाला ना कुणाला धरून नेऊन दाखवतात, जणू ती पायरी त्यांनीच बांधलीय.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. जून-जुलैत नुसती मारामारी होती. बाहेरगावचे लोक रविवारी पाऊस बघायला आले की पिशव्या भरभरून खाऊ आणायचे. समितीने पायऱ्यांवर पाळ्या लावल्या, आणि सगळ्यात जास्त पाळ्या कुणी केल्या असतील? आप्पांनी. बाटलेला माणूस जास्त कडवा म्हणतात ना, तसं झालंय. खुर्ची टाकून बसतात. कुणाच्या हातात पुडा दिसला की लांबूनच, 'अहो, तुम्ही खा, तुम्ही. त्यांना नको.' एका गृहस्थाने विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाले, 'तळं नासवलं तो मीच. आता सांभाळतोय.' तो माणूस पुडा खिशात घालून निघून गेला. बदकं निम्मी झाली. उरलेली बरीच बारीक झालीयत आणि पोटासाठी चिखलात डोकं घालून कष्ट करतायत. आप्पा म्हणतात, आता कुठे बदकं दिसायला लागली.

पाव आम्ही आता बेताचा भाजतो. उरलाच तर त्याचे टोस्ट करतो. विज्ञानबाईंचा पुढचा बेत तयार आहे, पलीकडच्या काठावर गाड्या धुतात ते बंद करायचं. त्यांच्या बाटल्या पुन्हा निघाल्यात. अध्यक्ष त्यांना बघून मागच्या दाराने जातात.

आता आप्पांबद्दल. ह्या महिन्यात तुला बिस्किटांचा डबा आला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दर महिन्याला ते पाठवायचे, तू न उघडता परत पाठवायचीस, आणि ते पुढच्या महिन्याला पुन्हा पाठवायचे. मी ह्यात कधी पडलो नाही. ह्या वेळी मीच विचारलं, डबा भरायचा ना? म्हणाले, 'नको. तिला नको होता ते तिने इतक्या वेळा सांगितलं. मलाच कळलं नाही.'

मागचं पत्र मी त्यांना न विचारता लिहिलं होतं, ते परवा सांगून टाकलं. वाटलं, झालं, पुन्हा टपालखातं सुरू. ते नुसतं म्हणाले, 'आईचंही लिहिलंस?' म्हटलं, लिहिलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, 'ताईला सांग, आई म्हणायची, माझी लेक नर्स आहे म्हणून मी इतकी वर्षं काढली.' हे मलाही माहीत नव्हतं. सांगतोय.

जूनच्या पत्रानंतर तुझं दुसरं कार्ड आलं, त्यावर लिहिलं होतंस, 'त्यांच्या गुडघ्यांना आता पायऱ्या जमतात का?' ते कार्डही भिंतीवर आहे. मी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं, पण ते त्या भिंतीपाशी रोज चष्मा लावून उभे असतात, तेव्हा वाचलं असणारच. जमतात, ताई. उतरताना त्रास होतो, पण सांगत नाहीत.

आणि माझं म्हणशील तर, मी दमलोय. तळ्याने नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून दमलोय. इतकी वर्षं तुला सांगितलं नाही, कारण तुझं दुःख मोठं होतं आणि मी धाकटा. मला माझी बहीण हवी आहे. झालं, लिहून टाकलं.

मी हे लिहितोय आणि आप्पा शेजारी स्टुलावर बसलेत. कुणाला लिहितोस म्हणून विचारलं, मी सांगितलं, तेव्हापासून उठलेले नाहीत. मी म्हटलं, काही लिहू का तुमच्याकडून? तर म्हणाले, 'लिही...' आणि पुढे काही येईना. दोनदा झालं असं. आता हात पुढे करून पेन मागतायत. कागद त्यांच्याकडे सरकवतो. इथून पुढचं अक्षर त्यांचं.

तुझाच,
धाकटा

पोरी,

पाणी निवळतंय. तुला यावंसं वाटतं का? नाही म्हणालीस तरी चालेल, पण विचारायचं राहून गेलं होतं.

आप्पा